‘हो जी’ म्हणणारा माणूस पेशंटच असेल असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी अधिपरिचारिका असलेली एक मुलगी रात्रपाळीला एकटी होती. मे महिना. पुरुष कक्षात सात नंबरच्या खाटेवर मूळव्याधीचा पेशंट, सकाळी नऊला ऑपरेशन, रात्री दहाला एनिमा, म्हणजे संडास साफ व्हायचं मागून द्यायचं औषध, अशी ऑर्डर. ती बाटली घेऊन गेली आणि खाटेवर झोपलेल्या माणसाला विचारलं, "भाऊ, तुमचंच ऑपरेशन आहे ना उद्या?" तो "हो जी" म्हणाला, सांगितल्याबरोबर डाव्या कुशीवर वळला आणि एनिमा घेतला. थोड्या वेळाने खरा पेशंट फाटकाबाहेरून चहा-बिडी करून परत आला, तेव्हा कळलं की खाटेवर होता तो त्याचा साळा. साठीच्या घरातला, सोबतीला आलेला. काही बोलला का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मले वाटलं, सोबत आलेल्यालेबी देत असतीन."

दुसऱ्या दिवशी गोष्ट वॉर्डभर झाली, मग चहाच्या टपरीवर गेली. मुलगी शेजारच्याच गावची. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत: अजून अधीक्षकांना माहीत नाही, तर आपण होऊन सांगायचं का; सांगितलं तर नोकरी जाईल का; आणि सोमवारी पेशंट ड्रेसिंगला येणार, साळा सोबत असणारच, त्याच्यासमोर उभं कसं राहायचं.

मी परिसेविका म्हणून वॉर्ड सांभाळले आणि नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. त्यामुळे तुला एकेरीतच लिहिते, राग मानू नकोस.

तू विचारलं नाहीस ते आधी. तो माणूस बरा आहे का? तुझ्या सगळ्या मजकुरात लाज आहे, भीती आहे, टपरी आहे. त्याची तब्येत कशी आहे हे एका ओळीतही नाही. एनिमा म्हणजे काही विष नव्हे, पण आपल्याकडे हल्ली येते ती शंभर मिलीची तयार बाटली फॉस्फेटची असते. धडधाकट माणसाला ती दिली की पाच-दहा मिनिटांत संडासला होऊन विषय मिटतो. म्हातारा माणूस, किडनी अधू, हृदय कमजोर, किंवा बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर मात्र ती बाटली साधी राहत नाही. औषध पोटातच राहिलं, बाहेर पडलं नाही, तर फॉस्फेट रक्तात उतरतं, कॅल्शियम खाली येतं, अंगातलं पाणी कमी होतं. आणि तू आहेस खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात बोअरचं खारं पाणी पिऊन आयुष्य काढलेली माणसं आणि किडनीचे पेशंट तू माझ्याइतकेच पाहिले असशील. त्या भागातल्या साठीच्या माणसाची किडनी चांगलीच असेल असं धरून चालायचं नाही.

म्हणून त्या रात्री, चूक कळल्या क्षणी, डोकं धरून बसण्याआधी हे विचारायला हवं होतं: किडनीचा, शुगरचा, हृदयाचा काही त्रास आहे का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? संडासला किती वेळा झालं, सगळं बाहेर पडलं का? चक्कर येते का, हातापायाला मुंग्या, पेटके? नाडी-बीपी बघून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन, आणि त्यांनी हो म्हटलं की ओआरएस. आणखी एक, जे कोणाच्या लक्षात येत नाही. तुमचा संडास वॉर्डच्या मागे असेल, लाइटीचा भरवसा नसेल. साठीचा माणूस अंधारात पळत तीन-तीनदा जातो, तो पडतो. एनिमाने काही झालं नाही आणि ओल्या फरशीवर घसरून खुबा मोडला, तर त्याचं कारण तुझा एनिमाच. बरोबर वॉर्डातल्या मामाला, म्हणजे शिपायाला, पाठवायचं होतं, निदान टॉर्च द्यायचा होता.

आता बरेच दिवस झाले आहेत. औषधाचा धोका पहिल्या एक-दोन दिवसांतला असतो, त्यामुळे तो घरी हिंडूनफिरून असेल तर त्या बाजूने निश्चिंत राहा. पण हिंडतो-फिरतो हे स्वतः विचारून कळू दे, टपरीवरून नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि तीही तुझ्या मजकुरात नाही. खऱ्या पेशंटला एनिमा कधी दिलास? चुकीच्या माणसाला काही दिलं गेलं की त्यात नेहमी दोन माणसं असतात. एकाला नको ते मिळालेलं असतं आणि दुसऱ्याला हवं ते मिळालेलं नसतं. सगळा वॉर्ड पहिल्यावर हसत बसतो आणि दुसरा तसाच टेबलावर जातो. तू दहा वाजता चार्टवर टिक केलीस ना? ती टिक पाहून सकाळी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरने, सर्जनने काय समजायचं? नंतर त्याला दिला असशील तर वेळ लिहून सही केलीस का? दिला नसशील, तर ती टिक खोटी आहे, आणि मूळव्याधीच्या ऑपरेशनला आतडं साफ नसणं म्हणजे काय ते सर्जनला विचार. राहिला चहा. रात्री दहाला प्यालेल्या दुधाच्या चहाने सकाळी नऊच्या ऑपरेशनला फारसं बिघडत नाही, दुधाच्या चहाला सहा तास पोट रिकामं धरतात. पण जो दहाला फाटकाबाहेर जाऊन चहा पितो तो पहाटे पाचलाही पितो. ‘पेशंट बाहेर गेला होता, चहा घेतला असं सांगतो’ एवढं वाक्य भूलतज्ज्ञांच्या कानावर जायला हवं होतं. तू ते सांगितलं नाहीस, कारण ते सांगायचं तर तो बाहेर का होता, खाटेवर कोण होतं, हे सगळं आलं. लाजेचं असंच असतं. तिच्यामुळे एक गोष्ट लपवली की तिच्या शेजारच्या चार गोष्टी आपोआप लपतात, आणि त्या चारातली एखादी जिवावरची असते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सांगायचं, आणि उद्याच. टपरीला माहीत असलेली गोष्ट अधीक्षकांना आठवड्याभरात कळणारच. दुसऱ्याच्या तोंडून कळली तर ती ‘एनिमाची गंमत’ राहणार नाही, ‘सिस्टरने लपवलं’ अशी होईल. तुझ्या इन्चार्ज सिस्टरला आधी सांग, तिला घेऊन आत जा. वॉर्डातल्या मावशींनी तिला सांगितलंच असेल, ती तुझ्या बोलण्याची वाट पाहत असेल.

नोंद कशी करायची तेही सांगते, कारण इथे मुली हमखास फसतात. जुन्या टिकवर व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही आणि आजची तारीख. मग खाली ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून आजची तारीख-वेळ टाकून लिही: अमुक तारखेला रात्री १० वाजता खाट क्र. ७ वरील रुग्णासाठी सांगितलेला एनिमा, ओळख न पटवता, रुग्णाच्या सोबत असलेल्या नातेवाइकास माझ्याकडून दिला गेला. किती वाजता लक्षात आलं. त्यानंतर काय केलं. मूळ रुग्णास किती वाजता दिला किंवा दिला नाही. बस. ‘गर्दी होती’, ‘नातेवाइकाने सांगितले नाही’, ‘मी घाबरले’ हे त्यात नको. चार ओळींच्या नोंदीला कोणी नावं ठेवत नाही, दोन पानांच्या नोंदीत प्रत्येक जण काहीतरी शोधतो.

अडचण अशी की साळ्याचा केसपेपरच नाही. तो पेशंट नव्हता, कुठल्या रजिस्टरला त्याचं नाव नाही, आणि दुसऱ्याच्या केसपेपरवर त्याच्या तब्येतीचं लिहिणं बरोबर नाही. सोमवारी आला की त्याच्या नावाचा ओपीडीचा केसपेपर काढ. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत त्याचे पैसे लागत नाहीत. डॉक्टरांना एकदा तपासू दे, बीपी बघू दे, वाटलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, पाठवू दे. त्याच्यासाठीही ते बरं आहे. साठी आली तरी आपल्याकडचा शेतकरी स्वतःचं बीपी कधी मोजून घेत नाही, दुसऱ्याला घेऊन दवाखान्यात येतो तेवढाच त्याचा दवाखाना.

आता मूळ मुद्दा. तू लिहिलंस, "मी विचारलं होतं हो, तो हो म्हणाला." आणि तुझी सगळी मदार त्या ‘हो’वर आहे. माझ्या मते चूक तिथेच आहे. खाट चुकली, माणूस चुकला हे नंतरचं.

आपल्या भागातला माणूस दवाखान्यात ‘हो जी’ म्हणतो तेव्हा तो माहिती देत नसतो, मान देत असतो. पांढऱ्या कपड्यातली बाई रात्री दहाला उठवते, काहीतरी विचारते, त्यात ‘ऑपरेशन’ आणि ‘उद्या’ ऐकू येतं. उद्या ऑपरेशन आहे हे खरंच आहे. मग हो. दिवसभर एस.टी., रांग, रिपोर्ट, सोनोग्राफी करून थकलेला, एका कानाने कमी ऐकणारा, अर्धा झोपेत. "कुशीवर व्हा" म्हटलं, झाला. सिस्टर सांगते म्हणजे काहीतरी असेल. त्याने अंगावर घेतलं ते निव्वळ भिडेखातर. शहरातला माणूस "कशाला? कोणाला?" असं चार वेळा विचारतो आणि आपण त्याला कटकट्या म्हणतो, पण त्याच्या कटकटीनेच तो वाचतो. आपला माणूस गुणी आहे म्हणून चुकीचा एनिमा घेतो. मेळघाटात कोरकू, यवतमाळकडे कोलाम, भामरागड-एटापल्लीत माडिया, तिथे तर मराठी प्रश्नाला मान हलते ती प्रश्न न समजताच हलते. तिथे काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचार.

म्हणजे ज्याचं उत्तर ‘हो’ येऊ शकतं असा प्रश्न विचारायचाच नाही. "तुम्हीच का रामभाऊ?" नाही. "नाव सांगा जी तुमचं, पूर्ण." त्याच्या तोंडून येऊ दे, आणि ते हातातल्या केसपेपरवर बोट ठेवून ताडून बघ.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यात ओळख पटवणं आहेच: किमान दोन खुणा तपासा, आणि खोलीचा नंबर ही खूण धरू नका. आपल्याकडच्या एनक्यूएएसच्या, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या गुणवत्तेच्या, तपासणीतही हे विचारतात. त्या दोन खुणा म्हणून पुस्तकात नाव आणि जन्मतारीख दिलेली असते. आता तुझ्या वॉर्डातली आधार कार्डं काढून बघ. साठीच्या पुढच्यांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण कार्ड काढणाऱ्याने तीच टाकली. वय विचारलं तर "असन पन्नास-साठ". जन्मतारीख आपल्याकडे खूण म्हणून कामाची नाही. बरं, बायकांच्या वॉर्डात नवऱ्याचं नाव विचारायला जाशील तर जुन्या बाया ते घेत नाहीत, पदर तोंडाला लावून शेजारणीकडे बघतात आणि नाव शेजारीण सांगते. तिचंच ऐकून तू लिहून घेतेस. मेळघाटात कासदेकर, बेठेकर, जांभेकर एकाच वॉर्डात चार-चार. गडचिरोलीत आत्राम आणि मडावी तसेच. शिवाय घरी बोलायचं नाव एक, कार्डावरचं दुसरं.

मी मुलींना तीन प्रश्न शिकवायची: नाव काय, गाव कोणतं, आणि काय त्रास म्हणून आलात. तिसरा प्रश्न पुस्तकातल्या खुणांत बसत नाही, पण आपल्याकडे तोच उपयोगाचा. तुझ्या रात्रीवरच लावून बघ. "काय त्रास म्हणून आलात जी?" एवढं विचारलं असतंस तर तो म्हणाला असता, "मले काई नाई, मी त यायच्यासंगं आलो." बाटली पिशवीतच राहिली असती.

आणि करणार आहोत ते साध्या मराठीत आधी सांगायचं. "एनिमा देते" म्हटल्यावर त्याला काय कळणार? "उद्या तुमचं मूळव्याधीचं ऑपरेशन आहे, त्यासाठी संडास साफ व्हायचं औषध मागून देते, मग लगेच जावं लागेल" हे ऐकून अर्ध्या झोपेतला साळासुद्धा उठून बसतो. सांगण्याने वेळ जातो म्हणशील. अर्धा मिनिट जातो. पडदाही लावला नव्हतास बहुतेक. पडदा लेबर रूममध्ये नेलेला असतो, माहीत आहे मला. मग चादर धर, मामाला उभं कर. मूळव्याधीचा पेशंट काय आणि साळा काय, माणसाची अब्रू असते.

खाटेच्या नंबराचं मात्र मनातून काढूनच टाक. "सातला सलाईन लाव, नऊचं बीपी घे" ही आपली वॉर्डची भाषा आहे, मीही आयुष्यभर बोलले, पण ती एकमेकींत बोलायची. हात लावायच्या आधी नाही. अकोल्याकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर. कूलर एकच, तोही दाराशी. पेशंट खाट सोडून गार फरशीवर चटई टाकतो, नाहीतर कूलरसमोरच्या रिकाम्या खाटेवर जातो, आणि त्याच्या खाटेवर सोबतचा आडवा होतो. संध्याकाळच्या राउंडला जे सात नंबरवर होतं ते रात्री दहाला तिथेच असेल याची काही शाश्वती नाही. शहरातल्या दवाखान्यात मनगटाला पट्टी असते. आपल्याकडे ती मिळत नाही म्हणून रडायचं कारण नाही. चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेनने नाव आणि गाव, ऑपरेशनच्या पेशंटच्या मनगटाला, भरती करतानाच. घामाने निघाली तर दुसरी. हे मी नवीन काही सांगत नाही. बाळ जन्मलं की आईचं नाव लिहिलेली पट्टी आपण त्याच्या पायाला लावतोच, न चुकता, भर धावपळीत लावतो, कारण बाळ बदललं तर गाव दवाखाना जाळेल हे आपल्याला माहीत आहे. मोठ्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येतं म्हणून आपण लावत नाही. आणि मग त्याला नाव विचारतही नाही.

हे इतकं ताणून सांगते त्याचं कारण एनिमा नाही. हाच प्रश्न, हेच ‘हो जी’, फक्त हातात बाटलीऐवजी रक्ताची पिशवी, असं समज. पूर्व विदर्भात सिकलसेलचे पेशंट. एकाच आडनावाची दोन पोरं शेजारच्या खाटांवर, दोघांनाही रक्त चढवायचं आहे. गट जुळला नाही तर थोडंसं रक्तही जीव घ्यायला पुरतं. तिथे दोन जणींनी पिशवी, फॉर्म आणि पेशंट मिळून ताडायचं असा नियम आहे, पण रात्री दुसरी असते कुठे? एकटीने का होईना, नाव त्याच्या तोंडून आल्याशिवाय ड्रिप सोडायची नाही. ज्या सिस्टरची जीभ एनिमाच्या वेळी "नाव सांगा जी" म्हणायला वळलेली असते, तिचीच जीभ पहाटे तीनला रक्त लावतानाही वळते.

रात्री एकटीवर तीस खाटा आणि लेबर रूम, हे बरोबर नाहीच. ते तुझ्या नोंदीत लिहू नकोस म्हटलं, पण अधीक्षकांशी बोलताना जरूर बोल, आणि वेगळा अर्ज दे. नोंद चुकीची, अर्ज व्यवस्थेचा. दोन्ही एका कागदावर आले की पहिला बहाणा वाटतो आणि दुसरा कोणी वाचत नाही.

आता हसण्याचं. खरं सांगते, वाचताना मलाही हसू आलं. "सोबत आलेल्यालेबी देत असतीन" हे वाक्य कोणालाही हसवेल. तू रडून राहिलीस आणि वॉर्ड हसून राहिला, पण तिसऱ्याचा कोणी विचार केला नाही. गावात तुझ्यावर हसतात ते चार दिवस, ‘बाईनं भलत्यालेच एनिमा देल्ला’ म्हणून. त्याच्यावर हसतील ते लग्नाकार्यात, पारावर, पंगतीत, नाव घेऊन, वर्षानुवर्षं. साठीच्या माणसाला भाचे-जावई विचारतील, "काय मामा, पोट साफ आहे ना?" ती गोष्ट दवाखान्यातून बाहेर गेलीच कशी? मामाने किंवा मावशीने सांगितली, किंवा तू रडत रडत कोणाला तरी सांगितलीस. पेशंटची गोष्ट बाहेर जाऊ न देणं हे आपलं काम आहे, आणि त्या रात्री एनिमा दिलास तेव्हापासून तोही तुझा पेशंटच आहे. इन्चार्ज सिस्टरने चतुर्थ श्रेणीच्या लोकांना एकदा बसवून बजावायला हवं. तिने नाही केलं तर तू निदान कोणी विषय काढला की हसण्यात सामील होऊ नकोस आणि सफाईही देऊ नकोस. "त्यांचं नाव घेऊ नका जी" एवढं म्हण आणि कामाला लाग.

सोमवारचं. तो टाळेल, येणारच नाही, किंवा येऊन बाहेर लिंबाखाली बसेल. तूच बाहेर जा. एकटी जाऊ नकोस. इन्चार्जला ने, नाहीतर वयाने मोठ्या मावशीला. चारचौघांत बोलायचं नाही, ड्रेसिंगच्या खोलीत किंवा डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसव, त्याला खुर्ची दे. मग सरळ: "काकाजी, त्या रात्री मी तुमचं नाव न विचारता तुम्हाला औषध दिलं. ते तुमच्यासाठी नव्हतं. माझी चूक झाली, माफ करा. त्यानंतर काही त्रास झाला का?" आणि गप्प बस. माफी मागून झाल्यावर आपल्याकडच्या मुली बोलत राहतात, हे फार वाईट. "पण तुम्ही बोलला का नाही?", "तुम्ही खाटेवर का झोपलात?" यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं की माफी गेली. तो बहुतेक म्हणेल, "जाऊ द्या बाई, होते असं." किंवा हसेल. किंवा मान खाली घालून बसेल. त्याला आणखी वेळ धरून ठेवू नकोस. केसपेपर काढून दे, तपासणी करून दे, चहापाण्याचे पैसे वगैरे हातात कोंबायला जाऊ नकोस. त्याचा अपमान होईल आणि उद्या त्याची वेगळीच गोष्ट होईल. एखादा भाचा चिडून आलाच तर वाद घालायचा नाही, त्याला अधीक्षकांकडे घेऊन जायचं, जे नोंदीत लिहिलं तेच तिथेही सांगायचं. लिहिलेलं आणि बोललेलं एक असलं की भांडण लांबत नाही.

नोकरीचं. तू एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर, त्यामुळे भीती मोठी वाटते. मेमो येऊ शकतो, खुलासा मागतील. नोकरी जाणार नाही अशी हमी मी इथे बसून देऊ शकत नाही, कोणीच देऊ नये. पण माझ्या समोरून जी प्रकरणं गेली त्यांत, इजा झालेली नाही, स्वतः येऊन सांगितलं, नोंद स्वच्छ आहे, अशा मुलीला कोणी घरी पाठवलेलं मी पाहिलं नाही. ताकीद मिळते, अधीक्षक दोन वाक्यं जास्त बोलतात, तेव्हा ऐकून घ्यायचं. चार्ट बदललेल्या मुलींचं मात्र भलं झालेलं पाहिलं नाही. बदली मागण्याचा विचार लिहिला आहेस, तो सोड. इथून उठून पलीकडच्या तालुक्यात गेलीस तरी त्याच डेपोची एस.टी. तिथेही जाते.

खुलासा मराठीत, एका पानाच्या आत, हाताने लिही. इन्चार्ज सिस्टरला एकदा दाखव, प्रत स्वतःजवळ ठेव. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप करायला देऊ नकोस. तो टाइप करता करता मोठ्याने वाचतो, आणि मागे रांगेत सातबारा घेऊन अर्धं गाव उभं असतं.